रुळांच्या कडेची वस्ती

आगगाडीचा इतिहास सांगावयाचा म्हणजे इंजिनांचे प्रकार, पुलांची लांबी आणि उद्घाटनांची साले सांगावी, असा आपल्याकडे प्रघात आहे. परंतु रुळांच्या कडेला जी माणसे वसली, त्यांच्या लाभहानीचा हिशेब त्या इतिहासात क्वचितच आढळतो. निदान परभणी जिल्ह्यापुरता तरी तो मांडला जावा, असे आमचे नम्र मत आहे.

निजामाच्या राज्यातील मनमाड-सिकंदराबाद लोहमार्ग इ. स. १८९९ ते १९०१ या काळात टप्प्याटप्प्याने खुला झाला. त्याच वेळी, १८९९-१९०० साली, छप्पन्याच्या दुष्काळाने दख्खनचा मुलूख होरपळत होता. जेथे चाऱ्यावाचून बैलच मरतात, तेथे धान्याची बैलगाडी कोणी ओढावी? अशा देशात लोहमार्ग ही केवळ सोय नव्हे. तो प्राणरक्षणाचा मार्ग होय.

पुढे या मार्गाने कापसाच्या व्यापारास मोठी चालना दिली. परभणी, सेलू व मानवत येथे सरकी काढणारे आणि रुईच्या गाठी बांधणारे कारखाने चालू लागले. मानवत गाव रुळांपासून दूर राहिले, म्हणून त्याच्या वाट्यास ‘मानवत रोड’ या नावाचे स्थानक आले. तेथवरचा रस्ता ज्याचा त्याने काटावयाचा! शिवाय आपले रूळ एक मीटर अंतराचे, तर मनमाडास मिळणारा मुंबईचा मार्ग साडेपाच फुटी. त्यामुळे मुंबईस जाणारा माल मनमाडास एका डब्यातून उतरवून दुसऱ्यात चढवावा लागे. सुमारे ९० वर्षे ही तफावत हमालांच्या पाठीने भरून काढली.

१९१२ साली पूर्णेहून हिंगोलीकडे फाटा निघाला आणि पूर्णा जंक्शन झाले. स्वातंत्र्यानंतर तो फाटा अकोला-खांडव्यास जोडला गेला व काचीगुडा-जयपूर मीनाक्षी एक्स्प्रेस पूर्णेवरून धावू लागली. येथे मीटरगेज इंजिनांची मोठी शेड होती. ड्रायव्हर, फायरमन, फिटर, गँगमन यांच्या कुटुंबांनी रेल्वेची वसाहत गजबजली, आणि त्यांच्या पगारावर बाजारपेठ चालू लागली.

विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात मुख्य मार्ग रुंद झाला. २००८ साली पूर्णा-अकोला मार्गही रुंद झाला. मनमाडची उतरचढ संपली, मुंबई जवळ आली. हा लाभ साऱ्या जिल्ह्याचा होय, आणि त्याविषयी कुरकुर करणे शहाणपणाचे नव्हे. परंतु मीटरगेज गेली, तसे तिच्या इंजिनांच्या शेडचे कामही सरले. लाभ सर्वांस वाटला गेला. झीज मात्र एका वस्तीने सोसली.

कोणी म्हणेल, यंत्र बदलते तसे मनुष्यानेही बदलावे. हे खरेच आहे. परंतु बदलण्यास अवधी लागतो, शिक्षण लागते, भांडवल लागते. रूळ रुंद करण्याची आखणी वर्षानुवर्षे आधी होते; मग त्याच आखणीत कामगारांच्या मुलांना नवा धंदा शिकविण्याची तरतूद का नसावी? पुलाचा खर्च मोजणाऱ्यांनी माणसाचाही खर्च मोजावा, एवढेच मागणे आहे. तसेच एकाच मालकाच्या पगारावर सारे गाव विसंबून राहणे धोक्याचे असते, हा धडा पालकांनी व पुढाऱ्यांनी घ्यावयास हवा.

विद्यार्थी बंधुभगिनींनो, या कामी तुमच्याही वाट्यास काही येते. ज्यांनी कोळसा टाकला, रूळ ठोकले, गाठी वाहिल्या, त्यांतील वृद्ध आज आपल्यात आहेत. त्यांच्याजवळ बसा, त्यांच्या हत्यारांची नावे, पाळ्यांच्या वेळा व कामातील खुब्या वहीत टिपून घ्या. स्थानकावरील पाटी पुन्हा रंगविता येते. परंतु या वृद्धांची माहिती एकदा हरपली, तर ती पुन्हा मिळावयाची नाही.