आईची साठी, हंपीच्या विठ्ठलापाशी

साठावा वाढदिवस म्हटलं की आपल्याकडे बेत ठरलेला असतो. हॉल, केटरर, साठीशांत, साठ दिव्यांचं औक्षण आणि दोन-तीनशे पाहुणे. जिचा वाढदिवस ती दिवसभर पैठणी सावरत नमस्कार घेत उभी असते आणि रात्री पाय शेकत बसते. म्हणूनच आईने यंदा आधीच सांगून टाकलं, ‘‘हॉल नको. मला हंपी बघायचंय.’’

कारण होतं ५० रुपयांची नोट. आई टपाल खात्यात काउंटरवर होती. २०१७ मध्ये नवी निळी नोट आली, तेव्हापासून तिच्यावरचा दगडी रथ आईच्या हातून रोज जात होता, पण प्रत्यक्ष पाहिला नव्हता. साठीच्याच महिन्यात ती निवृत्त होणार होती. आईबाबा सोलापुरात, दादा बंगळुरूत, मी इंदूरला. चौघं एकत्र येऊन दोन वर्षं झाली होती. म्हणून हंपी ठरलं.

आधी गुडघे, मग यादी

हंपी म्हणजे विजयनगर साम्राज्याची राजधानी. १३३६ मध्ये वसलेलं हे वैभवशाली शहर १५६५ च्या तालीकोटच्या लढाईनंतर लुटलं गेलं आणि ओस पडलं. १९८६ पासून ते युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. तुंगभद्रेकाठी मैलोन् मैल अवशेष पसरलेत, दोन दिवसांत सगळं पाहणं अशक्यच. त्यात आईचे गुडघे दुखतात. पहिल्याच दुपारी ती म्हणाली, ‘‘तुम्ही फिरून या, मी खोलीवर पडते.’’ आयुष्यभर तिने असंच केलंय. घरातल्यांचा खोळंबा नको म्हणून स्वतः मागे राहायचं.

दादाने यादीच बदलली. चढणीचा मातंग पर्वत आम्ही दोघांनी पहाटे उरकायचा, आईसोबत सपाटीवरची ठिकाणं. सकाळी दोन-तीन तास, दुपारी विश्रांती, ऊन उतरल्यावर पुन्हा थोडं. विरूपाक्ष मंदिरात आजही नित्य पूजा चालते. तिथल्या एका अंधाऱ्या दालनात, भिंतीतल्या छोट्या भोकातून आलेल्या उजेडाने गोपुराची सावली उलटी पडते. बाबा ती मान वाकडी करून बघत होते आणि आई त्यांना हसत होती.

रिकामा गाभारा

वाढदिवसाच्या सकाळी होमस्टेच्या ओसरीतच औक्षण केलं. साठ दिव्यांऐवजी सहा, दशकाला एक. मग विठ्ठल मंदिर. गेटपासून मंदिरापर्यंत बॅटरीवरची गाडी जाते, त्यामुळे चालणं वाचलं. समोर तो रथ. खरं तर ते रथाच्या आकाराचं गरुडाचं मंदिर आहे. आईने पर्समधून नोट काढली, रथासमोर धरली, चाकं मोजली आणि समाधानाने परत ठेवली.

गाभाऱ्यात मात्र मूर्ती नाही. आख्यायिका अशी की, कृष्णदेवरायाने पंढरपूरचा विठोबा इथे आणला आणि एकनाथांचे पणजोबा संत भानुदास यांनी तो परत नेला. आईने उंबऱ्यापाशी हात जोडले. मी म्हटलं, ‘‘आई, आत कोणी नाहीये.’’

‘‘नसू दे. तो घरी गेलाय ना,’’ ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, ‘‘आपलंही घर असंच रिकामं असतं गं. मी आता दिवसभर घरीच असणार. तुम्ही अधूनमधून येत जा.’’

आईने असं काही मागितल्याचं मला आठवत नाही. हॉलमध्ये, तीनशे लोकांत, ती हे बोलली नसती. दादाने तिथेच फोनवर कॅलेंडर उघडलं. आता दर तिसऱ्या महिन्यातला पहिला शनिवार-रविवार सोलापूरचा. पहिली तिकिटं काढलीसुद्धा.

तुम्हीही बेत आखत असाल तर

* नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ बरा. उन्हाळ्यात दगड भयंकर तापतात.
* होस्पेट स्टेशनहून हंपी साधारण १३ किलोमीटर. ज्येष्ठ सोबत असतील तर दिवसभरासाठी रिक्षा ठरवा.
* टोपी, पाणी, चांगल्या पकडीच्या चपला आणि गुडघ्याचा पट्टा विसरू नका.
* केक, दिवे, फुगे राहत्या जागीच. वारसा वास्तूंत ते नकोत. विठ्ठल मंदिरातल्या संगीत खांबांवर टकटक करायला मनाई आहे.
* सूर्यास्तासाठी हेमकूट टेकडी घ्या. चढण सौम्य आहे आणि बसायला भरपूर जागा.

आणि सगळ्यात आधी, ज्यांचा वाढदिवस आहे त्यांनाच विचारा, कुठे जायचंय? पहिलं उत्तर ‘‘तुम्ही म्हणाल तिथे’’ असंच येईल. पुन्हा विचारा.