स्लो सायकलिंग

शाळेच्या गॅदरिंगच्या आधी क्रीडास्पर्धा व्हायच्या, त्यात एक प्रकार असायचा – स्लो सायकलिंग. आठवतंय? मैदानावर फक्कीने आखलेले पट्टे, आपापल्या पट्ट्यातच राहायचं, पाय जमिनीला टेकवायचा नाही, आणि जो सगळ्यात शेवटी पोचेल त्याचा पहिला नंबर. निम्मी पोरं पहिल्या दहा फुटांतच बाद. मी पण त्यातलाच. मला ती स्पर्धा तेव्हा अगदीच फालतू वाटायची. सायकल काय हळू चालवायची गोष्ट आहे?

मागच्या रविवारी धायरी फाट्यापासून खडकवासल्याच्या धरणापर्यंत सायकलने गेलो. अंतर सात-आठ किलोमीटर. वेळ लागला एक तास पाच मिनिटं, मधे तीन थांबे धरून. दोन वर्षांपूर्वी एवढ्या वेळात मी डोणज्याच्या पुढे सिंहगडाचा घाट चढत असायचो. तेव्हाचा मी आत्ताच्या मला रस्त्यात भेटला असता, तर घंटी वाजवून पुढे निघून गेला असता. वर मनात म्हणाला असता, "काका, जरा कडेने."

तर हा लेख त्या एक तास पाच मिनिटांबद्दल आहे.

जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात गिया बारे सिंड्रोमची, म्हणजे पेपरात रोज यायचं त्या 'जीबीएस'ची साथ आली होती. नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी, खडकवासला – सिंहगड रोडचा सगळा पट्टा. संशयित रुग्णांचा आकडा पुढे दोनशेच्या वर गेला, काही जण दगावले. एरवी हा आजार वर्षाला लाखात एक-दोघांना होतो, त्यामुळे एका रस्त्याच्या आसपास एवढे पेशंट ही साधी गोष्ट नव्हती. गंमत बघा (गंमत कसली म्हणा), पुण्यातल्या रविवारच्या सायकलवाल्यांचा सगळ्यात लाडका रस्ता तोच. ज्या रस्त्याने मी पाय कमावले, त्याच रस्त्यावर ते गेले.

सुरुवात अगदी फुसकी झाली. आधी दोन दिवस पोट बिघडलं. ते बरं झालं, ऑफिसला गेलो. आठवड्याभराने तळपायांना मुंग्या यायला लागल्या. दुसऱ्या दिवशी जिना चढताना कठड्याला धरावं लागलं, तिसऱ्या दिवशी कमोडवरून उठता येईना. चौथ्या दिवशी मी आयसीयूत होतो आणि डॉक्टर दर दोन तासांनी येऊन एका दमात किती आकडे म्हणता येतात ते मोजायला लावत होते. आकडे कमी झाले की व्हेंटिलेटर, एवढं मला कळत होतं. माझं नशीब, आकडे चौदाच्या खाली गेले नाहीत.

आपल्या भाषेत सांगायचं तर जीबीएस म्हणजे फ्रेंडली फायर. एनआयव्हीने त्या वेळी तपासलेल्या काही नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जंतू सापडला होता. दूषित पाण्यातून, कच्च्या-अर्धवट शिजलेल्या चिकनमधून पोटात जाणारा. त्याच्या बाहेरच्या आवरणाचा काही भाग आपल्या नसांवरच्या रेणूंसारखा दिसतो. शरीर जंतूला मारायला अँटीबॉडीज तयार करतं, आणि त्या जंतूबरोबर आपल्याच नसांवर तुटून पडतात. वायरवरचं इन्सुलेशन गेलं तर ते काही आठवड्यांत-महिन्यांत परत चढतं. पण आतली तारच तुटली, तर ती दिवसाला साधारण एक मिलिमीटर या वेगाने वाढते. कंबरेपासून पावलापर्यंत अंतर साधारण एक मीटर. करा गणित! माझी थोडी या प्रकारची, थोडी त्या प्रकारची केस होती.

पाच दिवस इम्युनोग्लोब्युलिनच्या बाटल्या चढल्या. हजारो लोकांच्या प्लाझ्मामधून ते औषध तयार करतात, हे मला तेव्हा कळलं. कोण कुठले हजारो लोक! मी त्यांच्यातल्या एकालाही कधी भेटणार नाही. असो.

मार्चमध्ये व्हीलचेअर, एप्रिलमध्ये वॉकर, जूनमध्ये काठी. आणि याच काळात एक शब्द माझ्या मागे लागला – 'कमबॅक'.

भेटायला येणारा प्रत्येक जण तो शब्द घेऊन यायचा. "कमबॅक जोरात झाला पाहिजे हां!" ऑफिसच्या ग्रुपवर मसल दाखवणारे इमोजी. एका मित्राने तर तारीखच देऊन टाकली, १५ ऑगस्टला सिंहगड. मलाही ते आवडत होतं, खोटं कशाला बोलू. मी ज्या काळात नोकरीला लागलो तेव्हा आमच्या क्युबिकलमध्ये दोघा-तिघांच्या मनगटावर तो पिवळा रबरी पट्टा असायचा. लान्स आर्मस्ट्राँग. १९९६ मध्ये कॅन्सर, फुफ्फुसापर्यंत आणि मेंदूपर्यंत पसरलेला, आणि १९९९ पासून ओळीने सात वेळा टूर द फ्रान्स. आजारी माणसाच्या सायकलची याहून मोठी गोष्ट कोणती?

२०१२ मध्ये ती सातही विजेतेपदं काढून घेतली गेली, आणि पुढच्या वर्षी त्याने टीव्हीवर डोपिंगची कबुली दिली. सगळे त्याच्या खोटेपणावर बोलले, बरोबरच आहे. पण आता अंथरुणावर पडून विचार करताना मला वाटलं, खोटेपणाचं सोडाच, त्या गोष्टीचा आकारच मुळात चुकीचा होता. आजार म्हणजे नुसती प्रस्तावना, आणि खरं पुस्तक म्हणजे विजय. मग ज्याच्या आजारानंतर विजयबिजय काही येतच नाही, नुसता मंगळवार येतो, बुधवार येतो, त्याचं पुस्तक लिहायचंच नाही का?

ऑगस्टमध्ये मी माती खाल्ली.

तोपर्यंत घरात स्टॅटिक सायकलवर वीस मिनिटं जमायला लागली होती. फिजिओ मॅडमनी बजावलं होतं, "आज किती केलं ते मला सांगू नका. उद्या सकाळी कसे उठलात ते सांगा." मी मान डोलावली आणि एका रविवारी, घरात कोणी उठायच्या आत, सायकल बाहेर काढली. सिंहगड नाही तर नाही, निदान बारा किलोमीटर तरी. ॲप चालू केलं. परत आलो तेव्हा पाय थरथरत होते, पण आकडा आला होता. बारा पॉइंट चार. अपलोड केला. नव्वदच्या वर लाइक्स आले. 'लेजंड', 'बीस्ट', 'वाघ' वगैरे.

पुढचे तीन दिवस वाघ अंथरुणात होता. चहाचा कप दोन हातांनी धरावा लागत होता. तापही नाही, दुखणंही नाही, नुसता थकवा. फोनची बॅटरी एक टक्क्यावर अडकावी तसा. बायकोने ऑफिसला कळवलं, मुलीला शाळेत सोडलं, माझं सगळं केलं, आणि रात्री फक्त एवढंच विचारलं, "कोणाला दाखवायचं होतं?"

भांडली असती तर बरं झालं असतं. ती जानेवारीत आयसीयूबाहेरच्या खुर्चीवर नऊ रात्री झोपली होती. माझ्या नव्वद लाइक्समध्ये तिचा नव्हता.

त्या प्रश्नाचं उत्तर शोधायला मला बरेच दिवस लागले, आणि माझं मत तिथूनच तयार झालं आहे. ते असं : मोठ्या आजारानंतर हौसेच्या गोष्टीकडे परत जावं, जरूर जावं, पण हौस म्हणून. पुरावा म्हणून नाही. 'मी बरा झालो' हे सिद्ध करायला सायकल काढली की ती सायकल राहत नाही, परीक्षा होते. आणि शरीराला परीक्षेची तारीख समजत नाही.

कोणी म्हणेल, टार्गेटशिवाय माणूस उठणार कसा? बरोबर आहे. मी वॉकर सोडला तो पाच पावलं, दहा पावलं अशी टार्गेटं ठेवूनच. पण त्या पाच पावलांना प्रेक्षक नव्हते, आणि ती पावलं कालच्या दिवसावरून ठरलेली होती, दोन वर्षांपूर्वीच्या माझ्यावरून नाही. फरक तेवढाच आहे, पण तेवढाच महत्त्वाचा आहे.

बरं, व्यायामच करू नये असंही नाही. जीबीएसमध्ये चालता यायला लागल्यावरही थकवा महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं राहतो. २००४ साली नेदरलँड्समधल्या संशोधकांनी अशाच थकलेल्या वीस जणांना, त्यातले बहुतेक जीबीएसमधून उठलेले, बारा आठवडे, आठवड्यातून तीनदा, देखरेखीखाली सायकल चालवायला लावली. त्यांचा थकवा साधारण २० टक्क्यांनी कमी झाला. अभ्यास छोटा आहे, त्यावरून फार मोठे निष्कर्ष काढू नयेत. पण 'थकलेल्या माणसाने पडूनच राहावं' हे काही खरं नाही, एवढं त्यातून कळतं. सायकल औषध आहे. औषधाला डोस असतो, एवढंच. (आणि तुमचा आजार हृदयाचा किंवा फुफ्फुसाचा असेल तर डोस वेगळा. तो तुमच्या डॉक्टरांनाच विचारा, ब्लॉगवाल्याला नको.)

मग मी पहिल्यापासून सुरुवात केली. रेसर सायकल भिंतीला लावून ठेवली आणि पुतण्याची जुनी साधी सायकल घेतली. सायकलवाल्या काकांकडे नेली, म्हटलं सीट एवढी खाली करा की बसल्या बसल्या दोन्ही पाय जमिनीवर पूर्ण टेकले पाहिजेत. काकांनी एकदा माझ्याकडे बघितलं, काही विचारलं नाही. वर स्वतःहून ब्रेक हलके करून दिले. "बोटात जोर कमी दिसतोय, दादा." हॉस्पिटलमधून बाहेर पडल्यावर इतकं नेमकं निदान कोणी केलं नव्हतं. पायडल रुंद, सपाट, खरखरीत. पूर्वीसारखे बुटाला अडकणारे नाहीत, कारण माझं उजवं पाऊल अजून थोडं लोंबतं आणि पडायची वेळ आली तर ते पटकन सुटलं पाहिजे.

पहिले पंधरा दिवस सोसायटीच्या पार्किंगमध्येच. आणि तिथे मला ती शाळेतली स्पर्धा आठवली. वेग असला की सायकल स्वतःला बरीचशी सावरते. हळू चालवताना मात्र प्रत्येक क्षणी हँडल इकडे, तिकडे, इकडे. पाय कुठे आहेत हे न बघता कळावं लागतं, आणि माझ्या नसा नेमक्या तीच बातमी उशिरा पोचवतात. सगळ्यात अवघड काम कुठलं, तर हळू चालवणं! आठवीतल्या माझी मी मनातल्या मनात माफी मागितली. पार्किंगमधली पोरं मात्र खूश होती. एक पोरगं तिसरीतलं, ते माझ्या बाजूने चालत यायचं आणि सांगायचं, "काका, समोर बघा, चाकाकडे नका बघू."

रस्त्यावर यायला डिसेंबर उजाडला. इथे एक गोष्ट बोललीच पाहिजे. मी घरात होतो त्या काळात सिंहगड रोडवर उड्डाणपूल झाले. विठ्ठलवाडी ते फनटाइमचा मोठा पूल मे २०२५ मध्ये सुरू झाला. गाडीवाल्यांची सोय झाली, मीही गाडीवाला आहे, नाकारत नाही. पण पुलाखाली कडेने, ताशी आठ किलोमीटरने, किंचित डुगडुगत जाणाऱ्या माणसाला जागा कुठे आहे? एकेकाळी पुणं सायकलींचं शहर होतं म्हणतो आपण. ते काही वेगवान लोकांचं शहर नव्हतं. सायकलवर पेन्शनर होते, भाजीची पिशवी अडकवलेल्या बायका होत्या, कॉलेजला निघालेल्या मुली होत्या, कॅरिअरवर डबा लावलेले कामगार होते. शहरात सायकलला जागा आहे की नाही, हे रविवारी पहाटे हेल्मेट घालून सुसाट जाणाऱ्यांवरून ठरवू नये. ते कुठूनही वाट काढतात, मीही काढायचो. सगळ्यात हळू जाणारा सुखरूप पोचतो का, त्यावरून ठरवावं. आजारी पडेपर्यंत मला हे सुचलं नव्हतं, याची लाज वाटते.

म्हणून मी पहाटे सहाला निघतो, रविवारी, रहदारी जागी व्हायच्या आत. बायको तिच्या स्कूटरवर थोड्या वेळाने मागून येते. तिची अट आहे ती. मागच्या रविवारी धरणाच्या चौपाटीवर पोचलो तेव्हा कणीसवाल्या मावशी शेगडी पेटवत होत्या. पाण्यावर धुकं होतं. मागून एक पंधरा-वीस जणांचा ग्रुप आला, चकाचक जर्सी वगैरे, आणि न थांबता घाटाकडे गेला. माझ्या पोटात थोडं तुटलं, नाही असं नाही. सिंहगडाचा तो शेवटचा चढ मला पुन्हा जमेल का? कदाचित जमेल. कदाचित नाहीच जमणार. पहिल्यांदाच या दोन्ही उत्तरांसोबत मला कणीस खाता आलं.

बायको आली. म्हणाली, "किती वेळ लागला?"

म्हटलं, "एक तास पाच मिनिटं. ॲप नाही लावलं, घड्याळात बघितलं."

"आणि उद्या?"

सोमवारी सकाळी सात वाजता उठलो. मुलीचा डबा भरला, तिला बसस्टॉपपर्यंत सोडून आलो. पाय दुखत होते, पण ते आपलं साधं, सायकल चालवल्यावर दुखतात तसं. मॅडमना मेसेज केला, "ठीक उठलो."

त्यांनी अंगठा पाठवला. तो एक लाइक पुरतो.