माळ्यावरचा झुंजार

विरारच्या एक भगिनी लिहितात : “माळ्यावरच्या ट्रंकेत सासऱ्यांच्या रहस्यकथा निघाल्या. रद्दीत घालणार, तोच सातवीतली लेक घेऊन बसली. इंग्रजी माध्यमातली मुलगी. मराठीचा धडा म्हटला की रडते, अन् हे मात्र रात्री जागून वाचते! सासूबाई म्हणतात, खून-दरोडे वाचून पोर बिघडेल.”

अहो, आधी त्या रद्दीवाल्याला परत पाठवा!

ट्रंकेत बाबूराव अर्नाळकर असणारच. मूळ नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण (१९०६–१९९६). टोपणनावात मात्र तुमच्या शेजारचंच अर्नाळा! हजारावर रहस्यकथा लिहिल्या त्यांनी. झुंजार, काळा पहाड, धनंजय-छोटू यांच्यासाठी वाचनालयात नंबर लागत. शाळा अर्धवट सुटलेल्या कितीतरी बायका दुपारी भांडी आवरून हीच पुस्तकं वाचायच्या. त्यांना कुणी विद्वान म्हटलं नाही, पण वाचायची सवय टिकली ती यांच्यामुळं.

नाकं मुरडणारे सगळीकडे असतात. इटलीत मोंदादोरी प्रकाशनानं १९२९ साली पिवळ्या वेष्टणाची गुन्हेकथांची मालिका काढली. ती इतकी खपली, की तिथं ‘पिवळं’ म्हणजेच रहस्यकथा झाली. मुसोलिनीच्या राजवटीत १९४१ साली ती बंद पडली. पुढं १९६१ साली लिओनार्दो शाशा या सिसिलीच्या लेखकानं त्याच साच्यात माफियावर कादंबरी लिहिली. तीत तपास अधिकारी गुन्हेगारापर्यंत पोचतो, पण वजनदार माणसं प्रकरण दाबतात. उघडपणे बोलायची चोरी होती, ते गोष्टीतून घरोघर पोचलं. आपल्याकडच्या रहस्यकथेनं मात्र एवढी मजल मारली नाही, हे कबूल करायला हवं. बहुधा शेवटी खलनायक पकडला जातो नि आपण निर्धास्त झोपतो.

सासूबाईंची काळजी अगदीच खोटी नाही. पण खुनापेक्षा मला दुसरंच खटकतं. या गोष्टींतल्या बायका फार वेळा पळवल्या जातात, नाहीतर भुरळ घालतात. लेकीला विचारा, “तू त्या जागी असतीस तर काय केलं असतंस?” आणि रोज दोन पानं आजीला मोठ्यानं वाचून दाखवायला सांगा. अडलेला शब्द आजी सांगेल. तिलाही पुढं काय झालं ते कळल्याशिवाय चैन पडायचं नाही, बघा!

आता पुस्तकांचं. वसई-विरारची दमट हवा कागदाला वाईट. कोवळ्या उन्हात पुस्तकं उघडून ठेवा, मऊ कुंचल्यानं कसर झटका. ट्रंकेत कडुनिंबाचा वाळलेला पाला घाला. ओला नको, बुरशी धरते. सुटी पानं चिकटपट्टीनं जोडू नका, ती पिवळी पडते. पातळ खळ पुरे. आणि ट्रंक पुन्हा माळ्यावर नको, लेकीच्या हाताशी ठेवा.