टॉवरलाही झोपू द्या

मोबाइलची वीज वाचवायचा विषय निघाला की सल्ले कायम आपल्यालाच. डार्क मोड लावा, ब्राइटनेस कमी करा, फोन रात्रभर चार्जिंगला ठेवू नका. जरा हिशेब करू. स्मार्टफोन रोज पूर्ण चार्ज केला तरी वर्षाला दहा युनिटांच्या आतच वीज लागते. तीन किलोवॅट भार असलेला टॉवर तेवढी वीज साडेतीन तासांत संपवतो. मोबाइल नेटवर्कला लागणाऱ्या विजेचा सर्वांत मोठा वाटा या टॉवरवरच्या रेडिओ यंत्रणेचा असतो. मग उपदेश फक्त फोनवाल्याला का?

खरी गोम पुढे आहे. ही यंत्रणा कुणी वापरत नसतानाही वीज खाते. ४जीची रचनाच अशी की टॉवरला दर मिलिसेकंदाला ‘मी इथे आहे’ असा संदर्भ सिग्नल पाठवावा लागतो, मग पहाटे तीनला अख्खं गाव झोपलेलं का असेना. त्यामुळे सर्वांत जास्त वीज खाणारा भाग, म्हणजे पॉवर ॲम्प्लिफायर, त्याला निवांत बंद करायला फुरसतच मिळत नाही. ५जीत हे बदललं. तिथे ओळखीचा सिग्नल साधारण २० मिलिसेकंदांनी जातो आणि हे अंतर १६० मिलिसेकंदांपर्यंत वाढवता येतं. मधल्या वेळात यंत्रणा डुलकी काढू शकते. वापर कमी असेल तेव्हा काही अँटेना किंवा जादा फ्रिक्वेन्सीचे थर बंद ठेवता येतात. म्हणजे झोपायची सोय आहे. ती किती वापरायची, हे मात्र कंपनी ठरवते, आणि जाहिरात विकते ती स्पीड.

यावर कंपन्यांचं ठरलेलं उत्तर: ‘५जीत प्रत्येक बिटमागे वीज कमी लागते.’ खरं आहे. पण बिट किती वाढले? भारतात एक ग्राहक महिन्याला सरासरी २० जीबीच्या वर डेटा वापरतो. इंजिन सुधारलं की कोळसा कमी नाही, जास्त जळतो, हे विल्यम स्टॅन्ली जेव्हन्सने १८६५ मध्येच लिहून ठेवलंय. बिटमागचा आकडा दाखवून एकूण बिल झाकता येत नाही.

सरकारचं लक्षही वीज कुठून येते यावर राहिलं. २०१२ मध्ये दूरसंचार विभागाने २०२० पर्यंत ग्रामीण भागातल्या ७५ टक्के आणि शहरांतल्या ३३ टक्के टॉवरना संमिश्र ऊर्जा पुरवण्याचं उद्दिष्ट ठेवलं. चांगलंच होतं. पण सोलर पॅनल लावून उधळपट्टी चालूच ठेवली तर उपयोग काय?

आणि हा फक्त पर्यावरणाचा प्रश्न नाही. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. वीज गेली, पाठोपाठ नेटवर्क गेलं आणि गावंच्या गावं संपर्काबाहेर पडली. पडलेला टॉवर कुठल्याही सॉफ्टवेअरने उभा राहत नाही. पण जो उभा आहे, त्याचा भार निम्मा केला तर तीच बॅटरी साधारण दुप्पट वेळ टिकते. अशा वेळी व्हिडिओ गेला तरी चालेल. कॉल आणि मेसेज चालू राहिले पाहिजेत. मुंबईहून घरी फोन लावणाऱ्याला स्पीड नको असतो, पलीकडून ‘हॅलो’ हवं असतं.

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांनाही यातून सुटका नाही. ॲपने चार बाइट पाठवायला रेडिओ उठवला की तो पुढचे काही सेकंद जागाच राहतो. तरी दर मिनिटाला सर्व्हरला ‘काही नवीन आहे का’ विचारणारी ॲप्स आणि न मागता सुरू होणारे व्हिडिओ आपला धंदा बिनदिक्कत बनवतो. निरोप एकत्र साठवून पाठवणं अवघड नाही. त्यासाठी ‘एंगेजमेंट’च्या आलेखावरची नजर थोडी हटवावी लागते.

म्हणून मागणी साधी आहे. कंपन्यांनी टॉवरनिहाय वीज आणि डिझेलचा हिशेब जाहीर करावा. रात्री कोणती यंत्रणा किती वेळ झोपते, तेही सांगावं. ट्रायने स्पीड आणि कॉल ड्रॉपसोबत हाही आकडा मोजावा. तोवर ब्राइटनेस कमी करायचा सल्ला त्यांनी स्वतःकडेच ठेवावा.