यूटीएफ-८ सगळीकडे, पण गुपचूप नको

जावात लिहिलेला एकच प्रोग्राम मॅकवर चालवून फाइलमध्ये ‘मराठी’ हा शब्द लिहायला सांगितला, तर पंधरा बाइट बिनचूक उतरत. तोच प्रोग्राम विंडोजवर चालवला, की फाइलमध्ये ओळीने पाच प्रश्नचिन्हे. कुठेही चालण्याची ग्वाही देणाऱ्या भाषेत हा प्रकार वर्षानुवर्षे चालला. एन्कोडिंग सांगितले नसेल, तर जावा ते ऑपरेटिंग सिस्टिमला विचारी. लिनक्स आणि मॅक सहसा यूटीएफ-८ सांगत. आपल्याकडचे विंडोज बहुधा १२५२ हे पश्चिम युरोपीय कोडपेज पुढे करी आणि त्यात देवनागरीला जागाच नाही. मार्च २०२२ मध्ये आलेल्या जावा १८ ने ही विचारपूस थांबवली: काही सांगितले नसेल, तर सर्वत्र यूटीएफ-८. पायथननेही ३.१५ या आवृत्तीपासून हेच करायचे ठरवले आहे.

निर्णय योग्य आहे, पण फुकटचा नाही. जपानी विंडोजवर शिफ्ट-जिस घराण्यातल्या कोडपेजमधल्या जुन्या फाइली आहेत. त्याच यंत्रावर लिहायच्या आणि तिथेच वाचायच्या, तोवर कुणाचे काही अडत नव्हते. नवी जावा बसवली, की अडते. मराठीचे यात काय जाते, असे कुणी म्हणेल. विंडोजने देवनागरीला असे चालू कोडपेज कधी दिलेच नाही. मात्र श्रीलिपी, आकृती यांच्या जुन्या फॉन्टांत टाइप केलेला मजकूर आठवावा. संगणकाच्या लेखी तो मराठी नाहीच. रोमन आणि फ्रेंच धाटणीच्या अक्षरांच्या जागांवर काने, मात्रा, अर्धी अक्षरे बसवून घेतलेली. ते बाइट यूटीएफ-८ समजून वाचले, तर योग्य फॉन्ट लावूनही हाती काही लागत नाही.

मग डिफॉल्टच्या भानगडीत न पडता प्रोग्रामरनेच दर वेळी एन्कोडिंग लिहावे, असा सल्ला मिळतो. सल्ला बरोबर आहे. पण देणाऱ्यांनी जावाचा फाइलरीडर पाहावा. तो १९९७ पासून आहे आणि एन्कोडिंग सांगण्याची सोय त्यात आली २०१८ मध्ये, जावा ११ बरोबर. एकवीस वर्षे रकानाच नव्हता आणि दोष मात्र न भरणाऱ्याचा! शिवाय जे लिहायचे राहून जाते, तिथेच डिफॉल्ट कामाला येतो. तो यंत्रागणिक बदलत असेल, तर चूक लिहिणाऱ्याच्या यंत्रावर दिसतच नाही, गिऱ्हाइकाच्या यंत्रावर उघडी पडते.

आमचा आक्षेप आहे तो वेगळ्याच ठिकाणी. यूटीएफ-८ ची रचना अशी काटेकोर आहे की परके बाइट आले तर ते बहुधा ओळखता येतात. पायथन त्यावर एरर देऊन थांबतो. जावाचा फाइलरीडर थांबत नाही. न कळलेल्या बाइटांच्या जागी तो बदली चिन्ह ठेवतो आणि पुढे जातो. ती फाइल पुन्हा सेव्ह झाली, की मूळ बाइट गेलेच. गंमत अशी, की जावातच फाइली वाचायच्या ज्या नव्या पद्धती आहेत, त्या अशा वेळी रीतसर तक्रार करतात. डिफॉल्ट बदलताना हा ओरडण्याचा नियमही सर्वत्र एकच करायला हवा होता. जुने वर्तन परत आणणारा कॉम्पॅट पर्याय जावाने ठेवला आहे, पण नुकसान दिसलेच नाही तर तो लावणार कोण?

मायक्रोसॉफ्टने तुलनेने सावध वाट धरली. संपूर्ण विंडोज यूटीएफ-८ वर नेणारा पर्याय सेटिंगमध्ये आहे, पण ‘बीटा’ म्हणून आणि आपणहून न लावलेला. नव्या प्रोग्रामला मात्र २०१९ पासून स्वतःपुरते यूटीएफ-८ मागता येते. या सावधगिरीला अनेक जण हसतात. आम्हांला ती पटते. डीटीपीच्या दुकानातल्या जुन्या यंत्रावर तो पर्याय कुणी परस्पर चालू करू नये आणि आज लिहिल्या जाणाऱ्या प्रोग्रामने १२५२ चा आधार घेऊ नये, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी पाळता येतात. जुन्या फाइलींचे रूपांतर आधी, फॉन्टनिहाय, मूळ प्रत बाजूला ठेवून करावे. जावाची आवृत्ती त्यानंतर बदलावी.