विरजण आणावं, चूल देऊ नये



गेल्या महिन्यात धाकट्या जाऊबाईंचा फोन आला, "अहो ताई, तुमच्या ब्लॉगवर जुगाराची जाहिरात कशी हो?" उभं आयुष्य शिरोळमध्ये मुलांना शिकवण्यात गेलं आणि आता ही शोभा!

चूक माझीच. वाचकसंख्या मोजणारा कुणाचा तरी डबा मी बाजूच्या पट्टीत लावला होता. एक ओळ चिकटवली, झालं! भाचा म्हणाला, "मावशी, ती स्क्रिप्ट. येते परक्या सर्व्हरवरून, पण चालते तुझ्याच पानाच्या अधिकाराने."

प्रोटोकॉल, डोमेन, पोर्ट तिन्ही जुळले तरच ब्राउझर दोन पानांना एका घरची मानतो, एरवी एकाला दुसऱ्यात डोकावू देत नाही. स्क्रिप्टला मात्र आपणच दार उघडतो. पॉलिफिल डॉट आयओ हे डोमेन फेब्रुवारी २०२४ मध्ये विकलं गेलं. जूनमध्ये कळलं, की तिथली स्क्रिप्ट मोबाइलवरच्या वाचकांना बेटिंगच्या साइटवर नेत होती. लाखाहून अधिक साइटांनी ती लावलेली होती!

मग कुणाचं काही घ्यायचंच नाही? तसं नव्हे. 'गमभन'सारखी टंकनाची सोय कितीतरी मराठी संकेतस्थळांनी आपल्या पानांत बसवून घेतली, म्हणून तर आपण लिहिते झालो. पण उसनवारीची रीत असते. शेजारणीकडून चमचाभर विरजण आणतो; दूध आपलं, भांडं आपलं. तिच्या हाती चूल देत नाही.

आता खरा प्रश्न. भाच्याने घरच्या सगळ्या ब्लॉगांसाठी तिथी दाखवणारं 'कस्टम एलिमेंट' बनवलंय. म्हणतो, "माझ्या सर्व्हरची एक ओळ लावा." मी नको म्हटलं. त्यातला शॅडो डॉमचा पडदा रंगरूप वेगळं ठेवतो, राखण करत नाही. पूर्ण कोड दे, तपासून आम्ही आपापल्या टेम्प्लेटमध्ये ठेवू. सुधारणा आपोआप येणार नाहीत, कबूल. ओळच हवी तर सोबत फाइलचा हॅश दे. एक अक्षर बदललं तरी ब्राउझर ती चालवणार नाही. आणि रोज बदलणारं काही असेल तर ते सँडबॉक्स केलेल्या आयफ्रेमच्या ओसरीवर बसवावं. निरोप पोस्टमेसेजने घ्यावा, तोही कुठून आला ते पाहून.

भाचा थोडा रुसलाय. पण माझा विश्वास त्याच्यावर आहे, डोमेनवर नाही. नूतनीकरण विसरलं, की ते उद्या कुणाचंही!

असो. तुमच्या बाजूच्या पट्टीत कोण कोण बसलंय, एकदा बघा बरं.