पूररेषा कोणासाठी?

शेतकरी व कारागीर बंधूंनो, श्रावण आला की आपल्या कृष्णाकाठी दोन पूर येतात. पहिला पाण्याचा. तो चार-आठ दिवस राहतो व गाळ टाकून जातो. दुसरा पुढाऱ्यांच्या भेटींचा. तो गुडघाभर पाण्यात छायाचित्र काढून घेतो व आश्वासने टाकून जातो. गाळाने निदान पुढल्या साली पीक चांगले येते. आश्वासनांनी काय पिकते, हे २००५, २०१९ व २०२१ असे तीन महापूर पाहिलेल्या रयतेस सांगावयास नको.

पूर ही देवाची करणी, असे आमचे वाडवडील समजत. ग्रहणात नदीवर दान करावे, पूर आला की ओटी भरावी, म्हणजे माय शांत होते, असे भटजीने सांगितले व आम्ही ऐकले. आता भटजीच्या जागी कचेरी आली आहे. ती ‘नैसर्गिक आपत्ती’ म्हणते. शब्द नवा, मतलब जुनाच : कोणास विचारू नका, कोणी जबाबदार नाही, नशिबात होते ते झाले! पाऊस पाडणे सरकारच्या हाती नाही, हे आम्हांसही कळते. परंतु धरणात पाणी किती ठेवावयाचे, ते केव्हा सोडावयाचे, नदीच्या पात्रात बांधकाम कोणास करू द्यावयाचे आणि गावास खबर केव्हा द्यावयाची, ही चारही कामे माणसाच्या हातची आहेत. त्यांचा जाब विचारणे हा आपला हक्क आहे.

धरण म्हणजे एक मोठा रांजण समजा. पुरापासून बचाव हवा असेल, तर पावसाळ्यात त्यात जागा रिकामी पाहिजे. उसाला पाणी व गिरण्यांना वीज हवी असेल, तर पावसाळा संपताना तो काठोकाठ भरलेला पाहिजे. एकाच रांजणाचे हे दोन धनी, व दोघांच्या मागण्या उलट! कोयनेचा रांजण सुमारे १०५ अब्ज घनफुटांचा आहे. तो ऑगस्टच्या आरंभीच भरत आला आणि वर घाटात पाऊस कोसळतच राहिला, तर दरवाजे उघडण्यावाचून गती नाही. म्हणून प्रत्येक धरणासाठी कोणत्या तारखेस पातळी किती असावी याचे कोष्टक ठरलेले असते. ते पाळले गेले काय, व मोडले असल्यास कोणाच्या हुकुमाने, एवढा हिशेब दरसाल रयतेपुढे मांडला, तर निम्मे वाद आपोआप मिटतील.

येथे एक गोष्ट निःपक्षपणे सांगितली पाहिजे. पूर आला की आपले पुढारी कर्नाटकातील अलमट्टीकडे बोट दाखवितात. अलमट्टीची उंची वाढू नये, ही मागणी निराळी आहे व तिचा विचार निराळा व्हावा. परंतु २०१९ च्या पुराचा अभ्यास करावयास आपल्याच सरकारने नेमलेल्या वडनेरे समितीने २०२० साली दिलेल्या अहवालात त्या पुराचा दोष अलमट्टीवर ठेवला नाही. अतोनात पाऊस आणि नदीच्या वाटेतील अडथळे व अतिक्रमणे यांकडेच तिने लक्ष वेधले. शेजाऱ्याचे नाव घेऊन ओरडणे सोपे असते, कारण तेवढ्या गलबल्यात आपल्या घरची चोरी झाकली जाते.

ही घरची चोरी म्हणजे पूररेषेची. सरकारच्या नकाशावर नदीकाठी दोन रेषा असतात. साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणारा पूर जेथवर पोहोचतो ती निळी, व शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर जेथवर पोहोचतो ती लाल. निळ्या रेषेच्या आत बांधकामास मनाई आहे आणि दोन्ही रेषांच्या मधल्या पट्ट्यात निर्बंध आहेत. नियम चांगला आहे, पण तो चालतो कोणावर? नदीकाठच्या कुंभाराने आव्यावर चार पत्रे टाकले की नोटीस येते. शहरात मात्र त्याच पट्ट्यात भराव टाकून इमले उठतात व मंगल कार्यालयांत वऱ्हाडे जेवतात, तेव्हा निळी रेषा कोणास दिसत नाही. खुद्द सरकारचे रस्ते तरी काय करतात? पुणे–बेंगळूर महामार्ग शिरोलीपाशी पंचगंगेच्या पूरपट्ट्यातून भरावावरून जातो. २०१९ साली तो कित्येक दिवस पाण्याने बंद होता. पाण्यास वाट ठेवणाऱ्या कमानी महाग पडतात व मातीचा भराव स्वस्त पडतो, असे म्हणतात. स्वस्त कोणास? ठेकेदारास! त्याची बाकीची किंमत वरच्या अंगाच्या गावांनी आपल्या घरांच्या भिंतींनी भरली.

पूरपट्ट्यासाठी कायदा करावा, म्हणून केंद्राने राज्यांकडे नमुन्याचे विधेयक पाठविले ते १९७५ साली. मणिपूर, राजस्थान अशा मोजक्याच राज्यांनी त्यावरून कायदा केला. महाराष्ट्र, जो स्वतःस पुढारलेला म्हणवितो, त्याने परिपत्रकांवर भागविले. कायद्यास दात असतात, परिपत्रकास नुसत्या हिरड्या!

आता खबरेची गोष्ट. ती मी पाहिली तशी सांगतो. २०१९ च्या ऑगस्टात आमच्या शाळेत छावणी होती. पाणी चढू लागले त्या दिवशी गावचा एक कुंभार धावत आला व म्हणाला, “गुरुजी, मोबाइलवर आयर्विन पुलाला पन्नास फूट म्हणत्यात. माझ्या आव्याला किती?” मी पंधरा-वीस वर्षे पोरांना भूगोल शिकवीत आलो, पण या प्रश्नाचे उत्तर मजजवळ नव्हते. सांगलीच्या त्या पुलापाशी ४० फुटांस इशारा व ४५ फुटांस धोका, हे मी पाठ म्हणून दाखविले असते. ५० फूट म्हणजे आमच्या कुंभारवाड्याची कितवी पायरी, हे मला कोणी शिकविले नव्हते व मीही कोणास विचारले नव्हते. मी म्हणालो, “अजून वेळ आहे.” वेळ नव्हता. त्या साली पाणी ५७ फुटांच्या वर गेले. गणेश चतुर्थी २ सप्टेंबरला होती. रंगावयास ठेवलेल्या त्याच्या शाडूच्या मूर्ती एका रात्रीत पुन्हा चिखल झाल्या. बायकापोरांनी चार महिने केलेली मेहनत माझ्या एका वाक्याने वाहून गेली, असे मला आजही वाटते.

पूर ओसरल्यावर सातवीच्या मुलांना घेऊन आम्ही गल्लोगल्ली फिरलो. भिंतींवरील पाण्याच्या खुणा फूटपट्टीने मोजल्या, कोणाच्या घरी कोणत्या दिवशी किती वाजता पाणी आले ते विचारले, व पुलावरील त्या वेळचा आकडा शेजारी मांडला. एका पाठकोऱ्या कागदावर तक्ता तयार झाला : पुलास इतके फूट, तर कुंभारवाड्यात पाणी, इतके फूट, तर खालच्या आळीत, इतके फूट, तर चावडीत. २०२१ च्या जुलैत सांगलीस पाणी सुमारे ५५ फुटांवर गेले, तेव्हा या तक्त्याबरहुकूम त्या कुंभाराने आदल्या दिवशीच मूर्ती वरच्या आळीत नेल्या. फूटपट्टी, पेन्सिल व चाळीस पोरे, एवढाच काय तो खर्च! जे काम शाळेच्या पोरांस साधले, ते हाताखाली इंजिनिअरांची फौज असलेल्या सरकारास गावोगाव का साधू नये?

धरणांचे आकडे सरकार रोज प्रसिद्ध करते, हे खरे आहे व ते चांगले आहे. परंतु आकडा देणे निराळे, अर्थ देणे निराळे. पूर्वी पंचांग भटजीच्या काखेत असे व तिथी त्याच्या तोंडून ऐकावी लागे. आज तिथी सर्वांस दिसते, पण तिचा अर्थ साहेबाच्या कपाटात आहे.

नुकसानभरपाईतही हाच न्याय. केंद्राच्या २०१५ च्या निकषांत बागायती पिकास हेक्टरी १३,५०० रुपये, तेही दोन हेक्टरांपर्यंत, आणि कारागिरास हत्यारांचे ४,१०० व मालाचे ४,१०० रुपये ठरले होते. राज्याने वेळोवेळी त्यात भर घातली, हे नाकारीत नाही. परंतु पंचनामा सात-बारा पाहून होतो. ज्याचे नाव उताऱ्यावर त्याचे पीक बुडते. वाट्याने कसणाऱ्याचा घाम बुडत नाही काय? ऊस आडवा झाला म्हणून खुरपणीची रोजंदारी गेलेल्या बाईचा पंचनामा कोण करणार? २०१९ साली घर दोन दिवसांहून अधिक पाण्याखाली असेल तर दहा-दहा किलो गहू-तांदूळ, असा हुकूम निघाला होता. चूल एका दिवसातच विझते, हे हुकूम लिहिणाऱ्यास ठाऊक नसावे.

ही दृष्टी आमच्या परंपरेची नव्हे. जोतीराव फुल्यांनी १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये डोंगर-उतारावर ताली-बंधारे घालून पावसाचे पाणी शेतांत जिरवावे, अशी सूचना सरकारास केली. शाहू छत्रपतींनी पंचगंगेच्या खोऱ्यात भोगावतीवर राधानगरीचे धरण हाती घेतले. दोघांनीही पाण्याचा विचार रयतेच्या बांधावरून केला, कचेरीच्या खिडकीतून नव्हे.

तरी बंधूंनो, पुढल्या ग्रामसभेत चार ठराव मांडा. आपल्या गावची निळी-लाल रेषा कागदावर न ठेवता जमिनीवर दगड रोवून दाखवावी. पुलाच्या कोणत्या आकड्यास कोणत्या आळीत पाणी येते, याचा तक्ता चावडीवर रंगवावा. धरणाचे कोष्टक व प्रत्यक्ष सोडलेले पाणी यांचा हिशेब दरसाल दिवाळीपूर्वी प्रसिद्ध करावा. वाटेकरी, मजूर व कारागीर यांची यादी पूर येण्याआधीच ग्रामपंचायतीत तयार ठेवावी, म्हणजे पंचनाम्याच्या दिवशी कोणी अनोळखी ठरणार नाही.

ठराव मंजूर होण्याची वाट मात्र पाहू नका. येत्या रविवारी फूटपट्टी घ्या, आपल्या पोरास बरोबर घ्या, आणि आपल्या भिंतीवरची जुनी खूण मोजा. चुना दिला म्हणजे खूण झाकते, पाणी मात्र आपली पायरी विसरत नाही.

— एक खेड्यातील शिक्षक